घरी बांधलेलं पाण्यावरचं विमान: पहिलं उड्डाण मी करू की दुसऱ्याला करू देऊ?

गॅरेजवाला_फ्लोरिडा

नमस्कार मंडळी. सात वर्षं गॅरेजमध्ये बांधत असलेलं सी-रे अखेर तयार झालं. तपासणी झाली, एक्स्पेरिमेंटलचा कागद (घरी बांधलेलं विमान उडवायची परवानगी) हातात आला आणि विमान आता छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये उभं आहे. गेल्या वर्षी इथे रिव्हेटांवरून मी ज्यांचं डोकं खाल्लं होतं, त्यांना आठवत असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खालून होडी, वरून विमान. दोन सीट शेजारी-शेजारी, फायबरचं पोट, कापडी पंख, वर-खाली होणारी चाकं. इंजिन डोक्यामागे उंचावर आणि प्रोपेलर मागच्या बाजूला. रोटॅक्स 912, 100 हॉर्सपॉवर. बायको त्याला अजून ‘ती वस्तू’ म्हणते.

माझा हिशेब असा. एकूण 190 तास, जवळपास सगळे सेस्ना 172 वर. शेपटीला चाक असलेल्या विमानाचे 11 तास. पाण्याचं रेटिंग, म्हणजे पाण्यावरून विमान उडवायचा परवाना, विंटर हेवनला जॅक ब्राउनच्या तळावर पिवळ्या कब विमानात दोन दिवसांत घेतलं. सी-रेमध्ये मात्र मित्राच्या शेजारी बसून दोन फेऱ्या, बस.

प्रश्न दोन. एक, पहिलं उड्डाण मी करावं का? मी बांधलंय, प्रत्येक बोल्ट मला माहीत आहे. इथल्या विमानतळावरचे एक आजोबा आहेत, त्यांनी असली बरीच विमानं पहिल्यांदा उडवलीत आणि ते तयारही आहेत. पण सात वर्षं आपण स्वयंपाक करायचा आणि पहिला घास दुसऱ्याने खायचा, हे पचत नाही.

दोन, रनवेवरून की तळ्यावरून? मला वाटतं तळं बरं. दीड मैल रुंद आहे, काही बिनसलं तर समोरच परत बसता येईल. मी मूळचा गुहागरचा, पाण्याची भीती अशी नाही. (सुसरींची आहे, पण त्या काठाला असतात.)

मोकळेपणाने लिहा. फक्त तळपदे आणि गिरगाव चौपाटी नको. मागच्या धाग्यात तीन पानं त्यातच गेली.

दहा_हजार_तळी

मी मिनेसोटात. प्लॅनवरून लाकडी व्होल्मर व्हीजे-22 बांधलं. तेही असंच, होडीचं पोट आणि वर मागे ढकलणारं इंजिन. पहिलं उड्डाण मीच केलं. काही झालं नाही, म्हणून सांगायला उरलोय.

तळ्यावरून अजिबात नको. पहिल्या दिवशी लांब रनवे घ्या, चाकं खाली ठेवा आणि उतरेपर्यंत त्या लिव्हरला हात लावू नका. पाण्याला ब्रेक नसतात, त्यात पोट कुठे गळतं ते तुम्हाला अजून माहीत नाही, आणि जे बिघडेल ते बुडेलही. रनवेवर चुकून चाकं वर ठेवून उतरलात तर पोट खरचटेल आणि खिसा खरचटेल. पाण्यावर चाकं खाली ठेवून उतरलात तर विमान नाकावर पालथं होतं आणि तुम्ही पट्ट्यांत उलटे लटकता, पाण्याखाली. हा सगळा विषय दुसऱ्या आठवड्याचा.

आता तुमच्या सेस्नाच्या 190 तासांबद्दल. सेस्नात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) ओढला की नाक खाली जातं आणि दिला की वर येतं. आपलं इंजिन उंचावर, म्हणून उलटं. थ्रॉटल दिला की नाक खाली दाबलं जातं, काढला की वर. रनवेपासून वीस फुटांवर लँडिंग बिनसलं आणि सवयीने थ्रॉटल पुढे ढकललात तर नाक जमिनीकडे जाईल. हाताला हे आधी कळलं पाहिजे, डोक्याला कळून भागत नाही. आणि इंजिन बंद पडलं तर हे विमान सेस्नासारखं तरंगत जात नाही. नाक चांगलंच खाली द्यावं लागतं, खिडकीत नुसती जमीन दिसते.

मी का करायला नको होतं ते सांगतो. वर गेल्यावर तेलाचं तापमान चढत होतं. काटा लाल रेघेला टेकला तरी मला पत्ता नाही, कारण मी बाहेर वाकून पोटावरचं वार्निश बघत होतो. उन्हात काय दिसत होतं! दोन हिवाळे घासलेलं लाकूड. त्या दिवशी मी पायलट नव्हतोच, मुलीच्या लग्नातला बाप होतो. आजोबांना उडवू द्या.

चारकोप_नाका

मी विमानातला नाही, पण अमोल यादवांनी जिथे गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं त्याच चारकोपचा. 2016 मध्ये बीकेसीत मेक इन इंडियाला ते ठेवलं होतं तेव्हा मी लेकाला खांद्यावर घेऊन रांगेत उभा होतो. 2017 च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, तेव्हा आमच्या नाक्यावर पेढे वाटले.

माझं मत, तुम्हीच उडवा! 28 मार्च 1910 ला फ्रान्समध्ये आंरी फाब्रने मार्सेयजवळच्या खाजणात पाण्यावरून पहिल्यांदा विमान उचललं. स्वतः बांधलेलं, स्वतः उडवलं, आणि त्याआधी तो माणूस कधी उडालाच नव्हता. त्याने कुठल्या आजोबांना विचारलं?

हँगर_4

चारकोपकर, फाब्रकडे दुसरा पर्यायच नव्हता. पाण्यावरून उडालेला दुसरा माणूस जगात असता तर त्याने विचारलं असतं.

मी विमान देखभालीत, 22 वर्षं. गॅरेजवाले, माझे मुद्दे थोडे:

पेट्रोलचा प्रवाह मोजलात का? चढताना नाक असतं त्याहून थोडं अधिक वर करून. पंपाच्या सिस्टीमला टेकऑफच्या खपाच्या 125 टक्के यायला हवं. तुमचं इंजिन पूर्ण ताकदीला तासाला 27 लिटर खातं, म्हणजे 34 च्या आसपास आलं पाहिजे. घड्याळ लावून डब्यात मोजा, अंदाजपंचे नको.

प्रोपेलर मागे आहे. म्हणजे कॉकपिटमधून किंवा इंजिनवरून जे जे सुटेल, टोपी, नट, क्लिप, ते सगळं त्यातूनच जाणार. आदल्या रात्री काहीही ‘जाता जाता’ लावू नका.

आणि प्लॅनपासून तुम्ही जिथे जिथे हटलात त्याची यादी करून त्या आजोबांच्या हातात द्या. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये गेला ते असंच घरी बांधलेलं विमान होतं. बांधणाऱ्याने पेट्रोलची कॉक प्लॅनपेक्षा वेगळीकडे, पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. विमान डेन्व्हरने विकत घेतलेलं. हात मागे न्यायचा म्हणजे अंग वळतं आणि पाय रडरवर दाबला जातो. बांधणाऱ्याला घरचं वाटतं ते परक्याला दिसतही नाही.

पहिले 40 तास तुम्हाला प्रवासी नेता येणार नाही, पण अटींत बसत असाल तर त्यात दुसरा अनुभवी पायलट सोबत घ्यायची सोय एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) केली आहे. ती बघा.

गॅरेजवाला_फ्लोरिडा

सगळ्यांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी.

आजोबांनी उडवलं. सकाळी सव्वासात, वारा नावाला, तळ्यावर धुकं. माझ्याकडे दोन कामं: वॉकीटॉकी धरणं, आणि त्याआधी प्रोपेलर हाताने फिरवत राहणं, तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. ती आली की तेल टाकीत परतलं, मग काडीने पातळी बघायची. सात वर्षांत शंभरदा केलं असेल, त्या दिवशी गुडगुड ऐकू आली तरी मी फिरवतच होतो. आजोबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबलो.

रनवेचा पाव भागही लागला नाही. बायको आली होती, हातात अग्निशामकाचा डबा धरून. रेडिओवर एवढंच आलं की उजवा पंख थोडा जड आहे. एकतीस मिनिटं विमानतळावरच गोल गोल. चाकं खालीच. मला रडू वगैरे आलं नाही, फक्त घसा इतका कोरडा पडला की वॉकीटॉकीवर बोलता येईना, मग बायकोच बोलली.

उतरल्यावर हँगर_4 यांची आठवण झाली. प्रोपेलरच्या एका पात्याच्या कडेला नखाएवढा टवका. आदल्या रात्री इंजिनजवळची एक वायर लोंबतेय असं वाटून मी प्लॅस्टिकची पट्टी बांधली होती. ती जागेवर नव्हती. आजोबा टवका बघून काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

पात्याची दुरुस्ती झाल्यावर सहा तास आजोबांना शेजारी बसवून काढले, अटींत बसलो. पहिल्यांदा थ्रॉटल ओढला तेव्हा नाक वर आलंच आणि माझा हात सेस्नाच्या सवयीने स्टिक आणखी मागे ओढायला निघाला. दहा हजार तळी, पाय धरतो तुमचे.

मग तळं. इंग्रजी चेकलिस्ट मी पोपटासारखी म्हणतो हे आजोबांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी विचारलं, तू घरी कुठली भाषा बोलतोस, त्यात म्हण. म्हणून आता काठ ओलांडला की मोठ्याने ओरडतो, “पाण्यावर उतरतोय, चाकं वर!” आणि मान वळवून दोन्ही चाकं डोळ्यांनी बघतो. आजोबांनाही पाठ झालंय, ‘चाकं’चं ‘चाका’ म्हणतात. पहिल्यांदा पोट टेकलं तेव्हा पत्र्याच्या छपरावर खडी ओतल्यासारखा आवाज आला. कबमध्ये तो कधी ऐकला नव्हता, मला वाटलं काहीतरी फाटलं.

फाटलं नव्हतं. रॅम्पवर आणून तळ उघडला, स्पंज पिळला तर अर्धा पेला पाणी. कुठून येतंय ते अजून सापडलेलं नाही. उद्या आतून खडूची पूड मारून परत तरंगत ठेवतोय. कुणाला दुसरी युक्ती माहीत असेल तर लिहा.