असेंबल्ड की ब्रँडेड? माळ्यावरचा सीपीयू सापडला त्यानिमित्ताने

पोटमाळा
काल डोंबिवलीच्या घरचा माळा आवरायला काढला. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता रंग काढायचाय. पितळेची भांडी, थर्माकोलचं मखर, आणि सगळ्यात मागे आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला आमचा पहिला सीपीयू. (अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायचो. खरा सीपीयू आत असतो आणि चौकोनी बिस्किटाएवढा असतो हे फार नंतर कळलं.) कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने कोटेशनचा कागद लावलेला. सेलेरॉन ५३३ प्रोसेसर, ८१० चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, १० जीबी हार्डडिस्क, १५ इंची मॉनिटर. प्रत्येक ओळीपुढे बाबांची निळ्या पेनाची बरोबरची खूण. एकूण ३४,५००. साल २०००.

तेव्हा आमच्याकडे स्वतः बनवणं हा छंदबिंद नव्हता. ब्रँडेड पन्नाशीच्या वर जात होता, पतपेढीचं कर्ज पस्तीस हजार मंजूर झालेलं, विषय संपला. शेजारचा दादा डिप्लोमाला होता, तो म्हणाला काका मी जोडून देतो. मग आम्ही तिघं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात. येताना दादरला गाडी बदलून सामानाच्या डब्यातून मॉनिटर आणला, बाबांच्या मांडीवर. एक कोळीण म्हणाली, "शेठ, टीवी घेतला काय?" बाबा म्हणाले, "टीवी नाय, काम्पुटर." आणि मग डोंबिवली येईपर्यंत तिला काम्पुटर म्हणजे काय ते समजावत बसले. त्यांना स्वतःला कुठे माहीत होतं!

रात्री हॉलमध्ये चादर अंथरून जोडणी. बाबा टॉर्च धरून. दादा स्क्रू मागायचा, बाबा वाटीतून काढून द्यायचे. साडेबाराला विंडोज ९८ चा तो निळा ढगांचा पडदा आला तेव्हा आईने साखर वाटली.

आता भाचा विचारतोय, मामा, रेडीमेड घेऊ की पार्ट आणून बनवू? काय सांगू ते सुचेना, म्हणून हा धागा. तुमचे अनुभव लिहा.

घाईत_आहे
फोटो टाका!!

ग्रँटरोडचा_वाटसरू
हायला, सेलेरॉन! माझा ३००ए होता, ९९ साली. ज्यांना माहीत आहे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. ३०० मेगाहर्ट्झचा चिप. बसचा (प्रोसेसर आणि बोर्डामधल्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० केला की गुणक साडेचारचाच, म्हणजे सरळ ४५०. फुकटात दीडपट. सगळे नग चालायचे नाहीत पण बहुतेक चालायचे. दुकानदार मला म्हणाला होता, "चालला तर तुझं नशीब, जळला तर माझ्याकडे यायचं नाय." चालला. सहा वर्षं चालला. ब्रँडेडमध्ये बायोसला (बोर्डाच्या सेटिंगला) कुलूप असायचं, हे शक्यच नव्हतं.

आणि लॅमिंग्टन रोडला जाऊन मेरवान बेकरीचा मावा केक खाल्ला नाही असा माणूस मला दाखवा.

सुमीत_राहते_मुंबईत
मेरवानचा केक खायचा तर सकाळी लवकर जावं लागायचं. कॉम्प्युटरची दुकानं उघडायची अकराला, तोवर केक संपलेला. तुम्ही नक्की कॉम्प्युटर घ्यायलाच गेला होतात ना?

ग्रँटरोडचा_वाटसरू
पकडलंत. 😀 केकसाठी जायचो, येताना रॅम आणायचो.

कसबा_पेठ
आम्ही वाड्यात राहायचो. वायरिंग आजोबांच्या काळातलं, अर्थिंगचा पत्ता नाही. असेंबल्ड घेतला, चालू केला, अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या! झिणझिण्या येतच राहायच्या. आजी म्हणायची यात काहीतरी आहे, लिंबू-मिरची बांध. दुकानवाल्याला शिव्या घातल्या की तुझा माल खराब. तो बिचारा घरी येऊन टेस्टर लावून गेला. माल बरोबर होता. एसएमपीएसमध्ये (डब्यातल्या पॉवर सप्लायमध्ये) विजेतला गोंगाट गाळायला जे छोटे कपॅसिटर असतात ते फेज आणि न्यूट्रल दोघांनाही बॉडीशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते, नसेल तर बॉडीवर निम्मा दाब उभा राहतो. म्हणजे शंभराच्या वरचे व्होल्ट, करंट मात्र नगण्य. ब्रँडेड घेतला असता तरी हेच झालं असतं. शेवटी अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. खर्च आठशे. त्यात घरमालकाशी भांडण, त्याला वाटलं आम्ही गुप्तधन शोधतोय.

मोगरा१७
गुप्तधन 😂😂

माझा किस्सा २००४ चा. पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धाकटा भाऊ दहावीत, त्याला पिशव्या उचलायला नेलेला. मी विचारणार, दुकानदार उत्तर त्याला देणार. "दादा, हा मदरबोर्ड घ्या, ताईंना काय गाणीच ऐकायची असतील ना." भाऊ बापडा समोसा खात होता. मी म्हटलं, "ही रॅम सीएल अडीच आहे की तीन?" (सीएल म्हणजे रॅम किती चटकन उत्तर देते त्याचा आकडा.) तो थांबला. आतल्या पोऱ्याला हाक मारली. त्यालाही माहीत नव्हतं. मग पाकिटावरचं स्टिकर मीच वाचून दाखवलं. सीएल तीन. शंभर रुपये कमी केले आणि चहा मागवला. त्यानंतर हॉस्टेलच्या अकरा मुलींचे डबे मी त्याच दुकानातून जोडून दिले. कमिशन म्हणून एकदा ऑप्टिकल माऊस मिळाला, तेव्हा खाली गोळी नसलेला माऊस म्हणजे अप्रूप.

मात्र पहिल्याच वेळी मदरबोर्डखाली पितळी टेकू लावायचे राहिले होते. बोर्ड सरळ पत्र्यावर कसला. बटण दाबलं, पंखा अर्धा गरका फिरून थांबला. परत दाबलं, परत तेच. हात थंडगार पडले. नशीब चांगलं म्हणून शॉर्ट होऊन एसएमपीएस स्वतःच बंद पडत होता, बोर्ड वाचला. आजही कोणाचा पीसी जोडताना आधी टेकू मोजते.

कसबा_पेठ
ताई, तपकीर गल्लीत शंभर रुपये कमी केले? पुण्यात? हा खरा अनुभव.

छापखाना
सगळे असेंबल्डचं कौतुक करताय म्हणून उलट बाजू. सांगलीत आमचं डीटीपी आणि छपाईचं काम. सुरुवातीला तीन असेंबल्ड मशीन होती. रॅम एका दुकानाची, हार्डडिस्क दुसऱ्या, एसएमपीएस मुंबईहून मागवलेला. काही बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. रॅमवाला म्हणणार बोर्ड गेला, बोर्डवाला म्हणणार पॉवर सप्लाय. एका वैशाखात, दाट लग्नतिथींच्या आठवड्यात, दोन मशीन बंद. पंचेचाळीस पत्रिकांचं मॅटर आत अडकलेलं. वधूपिता दुकानात बसून आहे आणि आमचा मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली. एका पत्रिकेत तर घाईत 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ची अदलाबदल झाली, ते गिऱ्हाईक आजतागायत बोलत नाही.

त्या वर्षी ठरवलं, बास. तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचे ब्रँडेड घेतले. महाग पडले. पण फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस दारात. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याने हौस करू नये. भाच्याला विचारा, कशासाठी हवाय.

निवांत_नाना
छापखाना यांच्याशी सहमत. आमच्या ऑफिसात पण

निवांत_नाना
अर्धवट गेलं. कुकर लावला होता. ऑफिसात पण ब्रँडेडच. पण एका नामांकित कंपनीचा डबा वॉरंटी संपल्यावर बंद पडला, एसएमपीएस बदलायला गेलो तर त्याची पिन वेगळी, आकार वेगळा, बाजारातला कुठलाही बसेना. कंपनीचा पार्ट नव्या डब्याच्या निम्म्या किमतीला. शेवटी भंगारात. काय लिहिणार होतो ते विसरलो.

डाग_लावा_पुसा
आयटीआय, इलेक्ट्रॉनिक्स. २००३ ते २००७ माझी चांदी होती, कारण फुगलेले कपॅसिटर. तेव्हा जगभर खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बाजारात आले होते, ब्रँडेड-असेंबल्ड दोन्हीकडे तेच. मशीन मध्येच रिस्टार्ट होतं अशी तक्रार आली की मी बॉडी उघडून प्रोसेसरशेजारची रांग बघायचो. माथा फुगलेला, कधी तपकिरी चिकट द्रव बाहेर. लोक म्हणायचे व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. मी सहा-सात कपॅसिटर बदलायचो, १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ डिग्रीवाले. ८५ चे लावले की सहा महिन्यांत परत. माल पन्नास रुपयांचा, घ्यायचो अडीचशे. गिऱ्हाईक खूश, कारण नवा बोर्ड तीन हजार.

पोटमाळा, तुमचा डबा तसाच लाइटला लावू नका हो. आधी एसएमपीएसची जाळी बघा. एकदा एकात पाल निघाली होती, पार पापड झालेली.

मोगरा१७
जेवतेय मी 🤢

रिचर्डसनवाली
आमच्याकडे डॅलसजवळ मायक्रो सेंटर आहे, तिथे प्रोसेसर-बोर्ड-रॅम एकत्र घेतलं तर स्वस्त देतात. लेक चौदा वर्षांचा, त्याला स्वतःच जोडायचा होता. नवरा म्हणाला मला येतं, कॉलेजात केलंय. बाप-लेक शनिवारभर डायनिंग टेबलावर. रात्री चालू केला. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले, पडद्यावर काळोख. रॅम काढली, घातली. केबल बदलली. नवरा प्रोसेसरच परत करायच्या गोष्टी करायला लागला. मी भाकरी टाकता टाकता विचारलं, "ती टीव्हीची वायर वर का लावलीय? कार्डाला पण तसंच भोक आहे ना खाली?" रायझन ५६००एक्स प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नसतंच, मॉनिटर ग्राफिक्स कार्डालाच लावावा लागतो. दोघं माझ्याकडे बघत बसले. लेकाने आजोबांना नाशिकला व्हिडिओ कॉल करून सांगितलं, मीच केला. नवरा म्हणाला मी केला. मी गप्प बसले (इथे लिहितेय).

सुमीत_राहते_मुंबईत
टेक्ससात भाकरी! पीठ कुठून आणता?

रिचर्डसनवाली
इंडियन स्टोअरमध्ये ज्वारीचं मिळतं, पण जुनं असतं, तुटते. बाजरीचं बरं. पाककृतीच्या धाग्यावर या.

तांबडा_पांढरा
कोल्हापूर. भाच्यासाठी लिहितो, कारण इथे सगळे वीस वर्षांपूर्वीचंच सांगताहेत. २०२१ ला ग्राफिक्स कार्डं क्रिप्टो नाण्यांच्या खाणकामवाल्यांनी पळवलेली, जे कार्ड पंचवीसला मिळावं ते पन्नासला. मी रायझन ५६००जी घेतला, त्यात ग्राफिक्स आतच असतं, कार्ड पुढे कधीतरी बघू म्हणून. अजून घेतलं नाही, आणि गेमही तेच जुने खेळतो. सध्या तसाच फेरा रॅमचा आलाय. सगळी मेमरी एआयच्या सर्व्हरकडे वळलीय, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल नावाने किरकोळ रॅम विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे पूर्वी असेंबल्ड म्हणजे स्वस्त हे गणित होतं ते डोळे झाकून धरू नका. जुन्या भावाच्या रॅमसकट रेडीमेड पडून असेल तर तो स्वस्त पडू शकतो. फक्त आतला एसएमपीएस कुठला ते विचारा. रेडीमेडवाले काचेला आणि दिव्यांना पैसे घालतात आणि काटकसर नेमकी तिथे करतात.

पोटमाळा
सगळ्यांचे आभार. नाना, कुकर झाला का?

डाग_लावा यांचं ऐकून जाळी बघितली. पाल नाही, एक मणी आणि बहिणीचं हरवलेलं कानातलं निघालं. ब्रशने साफ केला. टीव्हीला मागे जुनं निळं व्हीजीए भोक आहे, त्याला लावला. चालू होतोय! पण पडदा काळा आणि लांब लांब बीप, थांबतच नाही.

डाग_लावा_पुसा
रॅम. काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने घासा, भुगा झटका, परत बसवा. दोन्ही बाजूचे चिमटे कट् वाजले पाहिजेत.

मोगरा१७
खोडरबर! विसरलेच होते. आमच्याकडे अर्धे बिघाड त्यानेच बरे व्हायचे.

पोटमाळा
लेकीच्या कंपासमधलं घेतलं. स्ट्रॉबेरीच्या वासाचं. अख्ख्या हॉलला वास येतोय.

एकच बीप!! रॅम मोजतोय, ६५५३६ ओके. टॉर्च लेकीने धरला होता.

आता थांबलाय. लिहिलंय: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा.

ग्रँटरोडचा_वाटसरू
😂😂 तोच! पंचवीस वर्षांत सुधारला नाही. गोल पिनचा जुना कीबोर्ड माझ्याकडे पडलाय, ठाण्यात राहतो. 'ळ' चं बटण निघालंय पण एफ-वन शाबूत आहे. रविवारी आणून देऊ?

पोटमाळा
या ना. सकाळीच या, आणि केक घेऊन या.