मिरीचा मर रोग: बोर्डो मारायचं की नाही?

पोफळबाग:
शेजारच्या बागेत ऐन पावसात, घोस लागलेले मिरीवेल बघता बघता गेले. आधी खालच्या पानांवर काळे डाग, मग बुंधा कुजला आणि वेल पेरापेरातून तुटून पडले. तरी गावात सल्ला एकच, 'औषध नको, मिरी विषारी होते.' हा सल्ला बागा बुडवणारा आहे. पाऊस लागण्याच्या सुमारास एक टक्का बोर्डो (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) आणि ऑगस्टात उघडीप बघून दुसरी फवारणी. सुपारीच्या कोळेरोगाला हेच मारतो ना आपण?

शेणखतवाला:
माका ह्या पटना नाय. बोर्डोतल्या मोरचुदाचं तांबं जमिनीत साठतं, नाहीसं होत नाही. ट्रायकोडर्मा घातलेल्या मातीत ते ओतलं तर ती उपयोगी बुरशीच मरते. मुळात तुमच्या शेजाऱ्याच्या बुंध्यांशी पाणी तुंबलं असणार. चर काढा, जमिनीवर सरपटणारे फुटवे कापा, बुंध्याशी पालापाचोळा अंथरा. थेंबांनी माती उडते आणि रोग पानांवर चढतो, तो तिथंच अडवायला हवा.

दोडामार्गकर:
भांडताय बोर्डोवरून, पण दुकानात मर म्हटलं की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक हातात ठेवतात, त्याचं काय? हा रोग फायटोफ्थोराचा. ती खरी बुरशी नव्हेच, तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. कार्बेन्डाझिम तिला लागू पडत नाही. पैसे जातात आणि वेलही जातो. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब चालतं, पण तेच तेच वापरलं की रोग त्याला दाद देईनासा होतो.

पोफळबाग:
@शेणखतवाला, चर हवेतच, मान्य. पण कोकणातल्या पावसात पानं दिवसेंदिवस ओली राहतात, तिथं चर काय करणार? तांबं पानांवरच ठेवा. मुळांशी पोटॅशियम फॉस्फोनेट (फायटोफ्थोरावरचं बिनतांब्याचं औषध) द्या, त्याचं ट्रायकोडर्माशी जमतं. आणि बोर्डो नीट बनवा: मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओता, उलट नको. भांडं प्लास्टिकचं. मग लोखंडी सुरी बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं करपतील. केलेलं त्याच दिवशी संपवा.

शेणखतवाला:
फॉस्फोनेटचं ऐकतो. पण निरोगी बागेत दरवर्षी सवयीनं तांबं मारायला माझा विरोध कायम आहे. गेल्या पावसात डाग दिसलेल्या बागेतच मारा. आणि मेलेले वेल मुळासकट काढून जाळा. ते पाटात टाकले तर खालच्या प्रत्येक बागेत रोग पोचतो, मग कुणी काहीही फवारो.