खांद्याच्या एक्सरेमध्ये वाटी दिसतच नाही, असं का?

निशिगंध:
फिजिओच्या पहिल्या वर्षाला आहे, सध्या अॅनाटॉमीत खांदा चालू आहे. खुबा आणि खांदा दोन्ही बॉल अँड सॉकेट असं शिकवलंय. खुब्याच्या एक्सरेत गोळा वाटीत छान बसलेला दिसतो, पण खांद्याच्या एक्सरेत दंडाच्या हाडाचा गोळा नुसता कशाला तरी टेकवून ठेवल्यासारखा वाटतो, वाटी कुठाय तेच कळत नाही. वर परत दोन हाडांची टोकं आणि मध्ये फट, ती फट नॉर्मल आहे का? आणि सांधे नक्की किती धरायचे, कोणी तीन सांगतं कोणी चार. नुसती पाठांतरं करून डोक्यात राहत नाहीये, हे असं का बनलंय ते कळलं तर बरं.

अस्थिरंग:
वाटी आहे, पण खूप उथळ आहे, बशी म्हटलं तर जास्त बरोबर. तिचं नाव ग्लेनॉइड, आणि ती वेगळं हाड नाही, खवाट्याचाच म्हणजे स्कॅपुलाचा बाहेरचा कोपरा आहे. दंडाच्या हाडाचा, ह्युमरसचा गोळा तिच्या मानाने केवढा तरी मोठा, कुठल्याही एका क्षणी त्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच तिला टेकलेला असतो. खुब्यावर अख्ख्या शरीराचं वजन येतं म्हणून तिथे खोल वाटी लागते, पण हात चहूकडे फिरला पाहिजे आणि खोल वाटी असती तर तिची कड दंडाच्या हाडाला कधीच अडली असती. म्हणून इथे हाडाने धरून ठेवायचं काम जवळजवळ सोडूनच दिलंय, ते काम कडेची कूर्चा म्हणजे लेब्रम, सांध्याभोवतीची पिशवी म्हणजे कॅप्सूल आणि गोळ्याला वेढून धरणारे रोटेटर कफचे चार स्नायू करतात. खांदा इतका का निखळतो आणि बहुतेक वेळा पुढच्याच बाजूला का, ते इथूनच समजायला लागतं.

वरची दोन टोकं म्हणजे अॅक्रोमियन (स्कॅपुलाचंच खांद्याच्या वर आलेलं टोक) आणि कॉलर बोनचं बाहेरचं टोक. मधली फट नॉर्मल, कूर्चा एक्सरेत दिसत नाही म्हणून मोकळी जागा वाटते.

प्रकाशझोत:
एक्सरेचं मी सांगतो, हे रोजचं काम आहे. स्कॅपुला पाठीवर सपाट चिकटलेला नसतो, बरगड्यांच्या गोलाईवर बसल्यामुळे साधारण ३० ते ४० अंश पुढे वळलेला असतो, त्यामुळे ग्लेनॉइडचं तोंडही नुसतं बाहेर नसून बाहेर-पुढे असतं. पेशंटला सरळ उभं करून समोरून फोटो काढला की गोळा आणि ग्लेनॉइड एकमेकांवर येतात, आणि तुम्हाला तीच सावली दिसते. पेशंटला त्या बाजूला तेवढंच वळवून स्कॅपुला प्लेटला समांतर आणला की सांध्याची फट स्वच्छ उघडते, त्याला ग्रॅशे व्ह्यू म्हणतात. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघाच, पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा लवकर कळेल.

मोरपंखी:
पण लेब्रममुळे वाटी खुब्याएवढी खोल होते ना? असं वाचलं होतं कुठेतरी.

अस्थिरंग:
नाही, खोली वाढते, दीडपटीच्या आसपास म्हणतात, पण मुळात उथळच असल्यामुळे खुब्याच्या जवळपासही जात नाही.

सांध्यांचं राहिलं. खरे सांधे तीन: ग्लेनॉइड-ह्युमरस, अॅक्रोमियन-कॉलर बोन, आणि कॉलर बोन-छातीचं हाड. चौथा म्हणजे स्कॅपुला बरगड्यांवर सरकतो ती जागा, तिथे कूर्चा नाही, कॅप्सूल नाही, मध्ये फक्त स्नायू, म्हणून काही जण मोजत नाहीत. माझ्या मते फिजिओवाल्यांनी तो मोजलाच पाहिजे, कारण हात पूर्ण वर नेताना १८० पैकी साधारण १२० अंश गोळा-बशीतून येतात आणि ६० स्कॅपुला फिरल्यामुळे. हात वर जातो तसा स्कॅपुला बशी फिरवून गोळ्याखाली आणत राहतो. सुरुवातीच्या ३० अंशात हे प्रमाण माणसागणिक बदलतं, तिथे २:१ शोधत बसू नका. आणि या सगळ्याला धडाशी हाडाने जोडणारी जागा एकच, कॉलर बोनचं आतलं टोक. बाकी सगळा खांदा स्नायूंवर लटकलेला.

निशिगंध:
आत्ता कळलं!! हात धरून ठेवणारं हाड म्हणजे ते बारीकसं कॉलर बोन, म्हणून ते इतकं मोडतं का? आणि कोराकॉइड, म्हणजे स्कॅपुलाचं पुढे आलेलं चोचीसारखं टोक, हाताला कसं शोधायचं, मला सापडतच नाही.

प्रकाशझोत:
हो, पडल्यावर खांद्यावरचा धक्का धडाकडे त्यातूनच जातो, आणि ते एस आकाराचं असल्यामुळे वळण बदलतं तिथे, मधल्या भागात जास्त मोडतं.

कोराकॉइडसाठी कॉलर बोनवरून बोट बाहेर नेत जा, पुढचा फुगवटा संपून हाड आत वळतं तिथे थांबा, मग सरळ खाली साधारण अडीच सेंमी, किंचित बाहेरच्या बाजूला, खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या पुढच्या कडेखाली आत दाबा. टणक टोक लागेल. हळू दाबा, तिथे निरोगी माणसालाही दुखतं, त्यामुळे पेशंट कळवळला म्हणून लगेच काही निदान करू नका, दुसऱ्या बाजूला दाबून तुलना करा.