एलएसच्या यादीतून तारीख, आकार आणि नाव एवढेच नेमके कसे काढावे?

प्रश्न

नमस्कार. एका फोल्डरमध्ये सुमारे चारशे फाइली आहेत आणि त्यांची नोंदवही मला तयार करायची आहे. प्रत्येक ओळीत आधी तारीख, मग आकार आणि शेवटी फाइलीचे नाव एवढेच असावे, अशी अपेक्षा आहे. मी फोल्डरमधील फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ या कमांडला लहान ‘एल’चा पर्याय देऊन तिचे आउटपुट, ओळीतील रकाने वेगळे करणाऱ्या ‘ऑक’ या कमांडकडे पाठवले आणि पाचवा, सहावा, सातवा, आठवा व नववा रकाना छापून घेतला. पण ज्या नावांत मोकळी जागा आहे ती पहिल्या शब्दापाशीच तुटतात. शिवाय काही ओळींत तारखेपुढे वेळ येते, तर काही ओळींत वर्ष येते, त्यामुळे तारखेनुसार क्रम लावताच येत नाही. हे सरळ करण्याचा खात्रीशीर मार्ग कोणता? मी लिनक्स वापरतो आणि काही फाइलींची नावे मराठीत आहेत.

पहिले उत्तर

तारखेचा घोळ आधी पाहू, कारण तो सहज सुटतो. फाइल शेवटची बदलली त्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर ‘एलएस’ वेळेऐवजी वर्ष दाखवते. ही चूक नसून तिची ठरलेली पद्धत आहे. लिनक्सवरील ‘एलएस’ला ‘टाइम-स्टाइल’ या पर्यायाची ‘लाँग-आयएसओ’ ही किंमत दिली की सर्व ओळींत वर्ष-महिना-दिवस आणि पुढे तास-मिनिटे अशी एकसारखी तारीख येते. मात्र असे केल्यावर तारखेचे तीन रकाने दोन होतात आणि नाव नवव्याऐवजी आठव्या रकान्यापासून सुरू होते, म्हणजे आपली ‘ऑक’ची ओळही बदलावी लागेल. मोकळ्या जागेचा प्रश्न तर त्यानंतरही उरतोच.

दुसरे उत्तर

वरील सूचना योग्य आहे, परंतु माझ्या मते दुरुस्ती त्याच्या एक पायरी आधी करायला हवी. ‘एलएस’चे आउटपुट माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी घडवलेले आहे. समोर टर्मिनल (कमांड लिहिण्याची खिडकी) असेल तर ती एका प्रकारे छापते आणि आउटपुट दुसऱ्या कमांडकडे जात असेल तर दुसऱ्या प्रकारे. २०१६ पासून तर जीएनयूची, म्हणजे लिनक्सवर सहसा असते ती ‘एलएस’ मोकळी जागा असलेली नावे टर्मिनलवर अवतरणचिन्हांत दाखवते, आणि तीच नावे पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या कमांडकडे जाताना, मात्र चिन्हांविना जातात. अशा मजकुराचे तुकडे करून त्यातून पुन्हा माहिती गोळा करण्यापेक्षा, जी माहिती हवी तीच थेट मागावी.

त्यासाठी फाइली शोधणारी ‘फाइंड’ ही कमांड वापरा. तिला ‘मॅक्सडेप्थ’ १ आणि ‘टाइप’ एफ असे सांगितले की ती उपफोल्डरांत न शिरता फक्त फाइली घेते, आणि ‘प्रिंटएफ’ या पर्यायाने ओळीचा साचा आपल्याला ठरवता येतो. साच्यात टक्केचिन्ह व लहान ‘एस’ म्हणजे बाइटांमधील आकार, टक्केचिन्ह व लहान ‘एफ’ म्हणजे मार्ग वगळून केवळ नाव. टक्केचिन्हापुढे मोठा ‘टी’ आणि त्यापुढे मोठा ‘वाय’, लहान ‘एम’ किंवा लहान ‘डी’ लिहिले की अनुक्रमे वर्ष, महिना आणि दिवस मिळतो. हे तीन तुकडे आडव्या रेघेने जोडा, रकान्यांच्या मध्ये टॅब ठेवा आणि शेवटी नवी ओळ द्या. वर्ष आधी आल्यामुळे ओळींचा क्रम लावणाऱ्या साध्या ‘सॉर्ट’नेही यादी तारखेच्या क्रमाने लागते.

आकार वाचायला सोपा हवा असेल तर क्रम लावून झाल्यावरच यादी, आकडे सुटसुटीत रूपात लिहिणाऱ्या ‘नमएफएमटी’ या कमांडमधून न्यावी, आणि तिला दुसरा रकाना व टॅब हा विभाजक सांगावा. ती आकडा वरच्या बाजूला गोल करते, त्यामुळे १०२५ बाइटांची फाइल १.१ के (किलोबाइट) दिसेल. नोंदवहीत नेमकेपणा हवा असेल तर बाइट तसेच राहू द्यावेत.

‘फाइंड’चा हा ‘प्रिंटएफ’ मॅकवर चालत नाही. तेथे फाइलीची माहिती देणाऱ्या ‘स्टॅट’ या कमांडला लहान ‘एफ’ हा पर्याय देऊन असाच साचा लिहिता येतो, पण त्यातील अक्षरांचे अर्थ वेगळे आहेत.

तिसरे उत्तर

मराठी नावांचा उल्लेख आहे म्हणून थोडी भर घालतो. नाव शेवटच्या रकान्यात ठेवण्याचा आपला विचार उत्तम आहे. तो बदलू नका. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘पत्र’ हा शब्द घ्या: प, त, हलन्त आणि र अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट, आणि डोळ्यांना दिसतात दोनच अक्षरे. टर्मिनलमध्ये कमांडी चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामच्या स्वतःच्या ‘प्रिंटएफ’ कमांडला नावासाठी वीस जागांची रुंदी सांगितली तर ती बाइट मोजते आणि या नावापुढे केवळ ८ मोकळ्या जागा भरते, त्यामुळे नंतरचा रकाना डावीकडे सरकतो. रकाने जुळवणारी ‘कॉलम’ ही कमांड चिन्हांची रुंदी पाहते, तरीही जोडाक्षर टर्मिनल किती जागेत रेखाटेल यावर तिचे नियंत्रण नसते. नावाच्या उजवीकडे काहीच नसेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्नकर्ता

‘फाइंड’ने यादी अगदी हवी तशी आली आणि मोकळ्या जागांची नावेही पूर्ण आली. फक्त एक गोष्ट खटकते: दीडशेच्या आसपास फाइलींवर एकच तारीख आहे, आणि ती मी त्या दुसऱ्या डिस्कवरून आणल्या त्या दिवसाची आहे.

दुसरे उत्तर देणारा

ही तारीख मजकूर शेवटचा लिहिला गेल्याची असते, आणि नक्कल करणाऱ्या ‘सीपी’ या कमांडने साधी नक्कल केली की नव्या फाइलीत मजकूर त्याच क्षणी लिहिला जातो. मूळ डिस्क अजून हाताशी असेल तर त्या फाइली ‘सीपी’ला लहान ‘पी’चा पर्याय देऊन पुन्हा आणाव्यात, म्हणजे मूळ तारखा टिकतील. त्यानंतर तीच ‘फाइंड’ची ओळ परत चालवा, तिच्यात काहीही बदलावे लागणार नाही.