पत्र्याच्या शेडमधल्या सोलर बॅटऱ्या तिसऱ्या वर्षीच बसल्या: एक बदलू की लिथियम घेऊ?

केळीवाला, रावेर
१५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) दोन ट्यूब्युलर (पाणी घालायच्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये, २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर, वर ३३० वॅटचं एकच पॅनल. रात्री कूलर, दोन पंखे. बॅकअप निम्म्यावर आलाय. दुकानदार म्हणतो, एक बॅटरी बदला.

तापीकाठ, भुसावळ
एकच बदलू नका भाऊ. जुनी आधी भरते आणि उकळत राहते, नवी अर्धवटच राहते. रात्री जुनी आधी रिकामी होते, पण इन्व्हर्टरला दोघींचं मिळूनच व्होल्टेज दिसतं, त्यामुळे तो वेळेत बंद होत नाही. वर्षभरात नवीही बसेल.

आधी पूर्ण चार्ज करा, दोन-तीन तास थांबा, मग बाराही सेलवर हायड्रोमीटर लावा. ॲसिडची घनता १.२४०च्या आसपास हवी. एखादाच सेल ०.०५ने खाली असेल तर तो गेला. सगळेच सारखे खाली असतील तर प्लेटांवर सल्फेट बसलंय. इक्वलायझेशन (मुद्दाम जरा जास्त व्होल्टेजने चार्जिंग) करून बघा, खिडक्या उघड्या ठेवून, कारण हायड्रोजन सुटतो.

वायरमन, अमळनेर
मूळ दुखणं पॅनलचं दिसतंय. १५० एएचला साधारण १५ अँपिअर चार्जिंग लागतं. २८ व्होल्टला धरलं तर ४२० वॅट नुसते बॅटरीला. पावसाळ्यात तर आठवडाभर अर्धीच भरते आणि सल्फेट कडक होतं. तेवढे महिने ग्रिड चार्जिंग चालू ठेवा.

दोन्ही मिळून ३.६ युनिट. रोज त्यातलं निम्मंच वापरलं तर बाराशे-पंधराशे सायकल (एकदा वापरून पुन्हा भरली की एक) मिळतात, म्हणजे चारेक वर्षं. तेही २५ अंशांना! दर दहा अंशांमागे आयुष्य जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. घरात धाब्याची खोली असेल तर हवेशीर कोपऱ्यात तिथे हलवा.

सौरमित्र, शिरपूर
लिथियम घ्या, उन्हाचं टेन्शनच नाही.

तापीकाठ, भुसावळ
असं कसं? एलएफपीच्या (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या) तीन हजारांवर सायकल खऱ्या, पण उष्णतेत तीही लवकर म्हातारी होते. फार तापली तर बीएमएस (पॅकमधलं संरक्षण सर्किट) चार्जिंग तोडतो. २५.६ व्होल्ट, १०० एएचचा पॅक घेतलात तर ८० टक्के वापरून दोन युनिट मिळतात. चार्जिंग २८.४ व्होल्टला थांबवा, इक्वलायझेशन बंद. इन्व्हर्टरमध्ये लिथियम मोड नसेल तर त्याचाही खर्च धरा. आणि पॅनल वाढवल्याशिवाय कुठलीच घेऊ नका.

वायरमन, अमळनेर
ट्यूब्युलरच ठेवल्या तर पाणी डिस्टिल्डच, तेही चार्ज झाल्यावर. बोअरचं किंवा आरओचं नको.