रेंजवर सरळ, कोर्सवर उजवीकडे: काय बिनसतंय?

सदाशिवपेठी
मंडळी, मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सात नंबर आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब (काठी), झकास, चेंडू दीडशेच्या बोर्डाच्या आसपासच पडतात. कोर्सवर मात्र चेंडू उजवीकडच्या झाडांत. स्लाइस नाही हो, हवेत वळत नाही. जातो सरळच, पण उजवीकडे. येरवड्याला झाडांची कमी नाही. स्विंग बदलू का?

बर्डीभाऊ
नवीन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घ्या 😄 गंमत सोडा, ग्रिप एकदा तपासून बघा.

देवळालीची काकू
अहो, स्विंगला हात लावू नका. चेंडू न वळता उजवीकडे जातोय, म्हणजे तुम्ही उभेच तिकडे राहताय, असा माझा पक्का संशय आहे.

रेंजवर मॅटची सरळ कड असते, ती तुम्हाला फुकटात नीट उभं करते. कोर्सवर ती नसते. वर टी-बॉक्सचं (पहिला फटका मारायच्या जागेचं) तोंड फेअरवेच्या (पुढच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मध्याकडेच असेल असंही नाही. तिथल्या मार्करांच्या (खुणांच्या) भरवशावर उभं राहिलात की गेलात भलतीकडे. त्यात डोळेही फसवतात. बंदुकीचा नेम धरताना डोळा रेषेच्या मागे असतो, इथे आपण रेषेच्या बाजूला उभे. बाजूने बघून दिशा कळत नाही.

म्हणून आधी चेंडूच्या मागे जा. होलमधला झेंडा आणि चेंडू एका रेषेत घ्या आणि त्या रेषेवर चेंडूपुढे दोन-तीन फुटांवर एखादं वाळकं पान, जुना डिव्हट (फटक्याने उकरलेली जागा), काहीतरी हेरा. गोल्फचा दिग्गज जॅक निकलॉस हेच करायचा. मग पहिल्यांदा क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) त्या पानाकडे लावायचा, पाय त्यानंतर. बहुतेक जण पाय रोवून घेतात आणि मग क्लब फिरवत बसतात. पाय, कंबर, खांदे त्या रेषेला समांतर हवेत, म्हणजे झेंड्याच्या किंचित डावीकडे. खांद्यांवर जास्त लक्ष ठेवा. पाय बरोबर असूनही खांदे दगा देतात. अन् हे किरकोळ समजू नका, पाच अंशांची चूक २०० यार्डांवर साडेसतरा यार्ड होते.

एक आधीच सांगते. नेम सुधारला की सुरुवातीला काही चेंडू डावीकडे जातील. उजवीकडे उभं राहून राहून हातांना चेंडू नकळत डावीकडे ओढायची सवय लागलेली असते. घाबरून परत जुन्यासारखं उभं राहायचं नाही!

सदाशिवपेठी
काकू, पटलं. कोर्सवर जमिनीवर एक क्लब आडवा ठेवून पाय जुळवले तर? आणि कॅडीने (सामान वाहणाऱ्या मदतनीसाने) मागून बघून सांगितलं तर चालतं ना?

नियमवाला
रेंजवर खुशाल करा, फेरीत नाही. नियम १०.२ब, २०१९ पासून. जमिनीवर ठेवलेल्या क्लबच्या आधाराने एकदा स्टान्स घेतलात (फटक्यासाठी पाय लावून उभे राहिलात) की मग तो क्लब उचलला तरी दंड टळत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोक (फटके) वाढतात. कॅडी दिशा जरूर सांगू शकतो, पण तुम्ही स्टान्स घ्यायला लागलात की त्याने मुद्दाम चेंडूमागे रेषेवर थांबायचं नाही. त्याच वर्षी जानेवारीत दुबईच्या स्पर्धेत चिनी खेळाडू ली हाओतोंगला शेवटच्या होलवर याच कारणाने दोन स्ट्रोक बसले, हातातली बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) बोगी (एक फटका जास्त) झाली. फार आरडाओरडा झाला तेव्हा, आणि मला विचाराल तर रास्तच होता. फेब्रुवारीत नियम सैल केला: खेळाडू मागे हटला आणि कॅडी बाजूला झाल्यावर नव्याने उभा राहिला तर दंड नाही.

देवळालीची काकू
पटिंगसाठी (चेंडू होलमध्ये ढकलताना) चेंडूवर पेनाने रेघ मारलेली चालते, तेवढी सोय ठेवलीये बिचाऱ्यांनी.

सदाशिवपेठी, रेंजवर जाल तेव्हा मॅटच्या कडेशी मुद्दाम तिरके उभे राहा आणि दर चेंडूला बोर्ड बदला. मागे जाणं, पान हेरणं, सगळं पहिल्यापासून. एकाच दिशेला बादलीभर चेंडू मारून नेम शिकता येत नाही.

बर्डीभाऊ
म्हणजे ड्रायव्हर नकोच?

देवळालीची काकू
तुम्ही घ्या.