शब्दचर्चा : ‘गेम-वॉर्न’ आणि ‘फोटो-मॅच्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :

खेळाडूंच्या जुन्या वस्तूंच्या एका प्रदर्शनासाठी वस्तूंखालच्या पाट्या मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकुरात चार शब्द सारखे येतात : गेम-वॉर्न, गेम-इश्यूड, ऑथेंटिक आणि फोटो-मॅच्ड. पहिल्याला मी तूर्त ‘सामन्यात परिधान केलेली’ आणि शेवटच्याला ‘छायाचित्र-प्रमाणित’ असं लिहून ठेवलंय, पण दोन्ही वाचताना दाताखाली खडा येतो. ‘ऑथेंटिक’ला ‘अस्सल’ म्हणावं तर तोच शब्द दुकानात नव्याकोऱ्या जर्सीवरही असतो. जाणकारांनी सुचवावं. फोटोवरून जर्सी नेमकी कशी ओळखतात हे कुणी सांगितलं, तर शब्द निवडणंही सोपं जाईल.

उत्तर :

‘परिधान’ आधी काढून टाका. मैदानावर कुणी काही परिधान करत नाही, जर्सी घालतात. ‘सामन्यात घातलेली जर्सी’ हे सरळ आणि पुरेसं आहे. ‘सामन्याची जर्सी’ मात्र लिहू नका. खेळाडूच्या नावाने तयार होऊन आलेली, पण बॅगेतून बाहेरच न निघालेली जर्सीही सामन्याचीच असते. तीच तुमची गेम-इश्यूड. तिला ‘सामन्यासाठी दिलेली’ म्हणा. ‘दिलेली’ आणि ‘घातलेली’ यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे पाटीवर हा भेद दिसायलाच हवा.

उत्तर :

‘अस्सल’बद्दलची तुमची शंका रास्त आहे. कंपन्या दुकानात दोन प्रकार विकतात. एक ‘रेप्लिका’ आणि दुसरा त्याहून महाग ‘ऑथेंटिक’. दुसऱ्याचं कापड आणि बेतणी खेळाडूंच्या जर्सीसारखी असते एवढंच, ती कुठल्याही खेळाडूच्या अंगाला लागलेली नसते. ‘अस्सल जर्सी’ एवढंच लिहिलं तर वाचणारा काय समजेल? कंपनीची खरी? खेळाडूची? त्या सामन्यातली? तीन वेगळे अर्थ एकाच शब्दात कोंबले जातात. म्हणून पाटीवर नुसतं ‘अस्सल’ नको.

त्याच्या उलट बाजूचे शब्दही सांभाळून वापरा. रेप्लिका म्हणजे बनावट नव्हे. जुन्या दप्तरात ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असायचा, म्हणजे मुळाशी ताडून पाहिलेली, उजळ माथ्याने केलेली प्रत. रेप्लिका त्या जातीची आहे. तिला ‘प्रतिकृती’ म्हणा. ‘बनावट’ हा शब्द फसवायच्या हेतूने केलेल्या वस्तूसाठी राखून ठेवा.

उत्तर :

फोटो-मॅचिंगबद्दल मी सविस्तर लिहितो. या विषयात मी बराच काळ रमलो आहे, आणि मराठीत यावर काही वाचायला मिळत नाही याची मला खंत आहे.

एका मापाच्या, एका नमुन्याच्या वीस जर्सी एकाच कारखान्यातून आल्या तरी त्या हुबेहूब सारख्या नसतात. बास्केटबॉलची किंवा अमेरिकन फुटबॉलची जाळीदार कापडाची जर्सी घ्या. तिच्यावर आकडा शिवलेला असतो. आकड्याची कड जाळीचं कुठलं भोक अर्धं झाकते आणि कुठलं पूर्ण उघडं ठेवते, हे प्रत्येक जर्सीत वेगळं पडतं. 7 च्या आडव्या रेघेचं टोक एका जर्सीत बरोबर भोकावर येतं, दुसरीत दोन भोकांच्या मधल्या कापडावर. शिवणाऱ्याने ते ठरवून केलेलं नसतं, म्हणूनच ठरवून पुन्हा तसं करणं जवळपास अशक्य असतं. सामन्याचा मोठा आणि नितळ फोटो हाती आला की आकड्याच्या कडेकडेने ही भोकं मोजत जायचं. त्याशिवाय वाकडी गेलेली टीप, बाहेर आलेलं दोऱ्याचं टोक, रफू, ठिगळ. आइस हॉकीच्या जर्सीवर तर काठीचे आणि कठड्याला घासल्याचे इतके व्रण असतात की एकेक बाही नकाशासारखी वाचता येते.

पण त्याआधी एक पायरी असते. कंपनीचं लेबल त्या वर्षीचं आहे का, माप खेळाडूचं आहे का, आकड्यांची घडण, प्रायोजकाचं नाव, स्पर्धेचा बिल्ला हे सगळं त्या सामन्यात होतं तसंच आहे का? याला इंग्रजीत ‘स्टाइल मॅच’ म्हणतात. यात कमी पडली ती जर्सी बाद. यात उतरली तरी ती ‘तीच’ ठरत नाही, कारण संघातल्या राखीव जर्सीही यात उतरतात.

इथे आपल्याकडे दोन चांगले शब्द पडून आहेत. पहिल्या पायरीसाठी ‘ताळा’. शाळेत गुणाकाराचा नवाचा ताळा करायचो तो. 34 गुणिले 52 बरोबर 1768, ताळा जमतो. चुकून 1786 लिहिलं तरीही जमतो! ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जमला म्हणून उत्तर बरोबरच असं नाही. स्टाइल मॅचचं नेमकं तेच आहे. दुसऱ्या पायरीसाठी ‘ओळख पटणे’. ती एकाच वस्तूची पटते, तिच्यासारख्या दुसरीची नाही. फोटो-मॅच्ड म्हणजे ‘फोटोवरून ओळख पटलेली’. ‘छायाचित्राशी जुळणारी’ असं कृपया लिहू नका. जुळणाऱ्या वीस असतात, ओळख एकीची पटते. विकणारे पुष्कळदा पहिल्या पायरीवर थांबून दुसरीचे पैसे मागतात, आणि ‘जुळते’ हा सैल शब्द त्यांच्या फार सोयीचा आहे.

उदाहरण मॅराडोनाच्या जर्सीचं. 22 जून 1986, मेक्सिको सिटीचं अझ्टेका मैदान, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. 51व्या मिनिटाला हाताने ढकललेला गोल आणि चारच मिनिटांनी निम्म्या इंग्लंडला चकवत केलेला दुसरा. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलून घेतली. ती पुढे जवळपास वीस वर्षं इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होती. 2022 मध्ये सदबीज या लिलावगृहाने ती लिलावाला काढली, तेव्हा मॅराडोनाच्या कुटुंबाकडून हरकत आली. त्याने मध्यंतरात जर्सी बदलली होती आणि हॉजकडे आहे ती पूर्वार्धातली, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही गोल उत्तरार्धातले, त्यामुळे सगळी मदार एवढ्या एका मुद्द्यावर आली.

आता नुसता ताळा करून इथे काय साधणार? दोन्ही जर्सी त्याच सामन्यातल्या, त्याच खेळाडूच्या, दोन्हींवर 10 आकडा. कामाला आली ती त्या जर्सींची घाईगडबड. अर्जेंटिनाच्या नेहमीच्या निळ्या जर्सी मेक्सिकोच्या उकाड्यात जड पडतात म्हणून प्रशिक्षक बिलार्दोला हलक्या हव्या होत्या. ऐन वेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून पट्टेदार निळ्या जर्सी आणल्या, त्यांवर संघाचं चिन्ह शिवलं आणि अमेरिकन फुटबॉलच्या धाटणीचे चंदेरी आकडे लावले. अशा हातघाईत चिन्ह कुठल्या पट्ट्यावर किती सरकलं आणि आकड्याची कड पट्ट्याला कुठे छेदते, हे दर जर्सीला निराळं होणारच. सदबीजने रेझोल्यूशन फोटोमॅचिंग या संस्थेकडून ती तपासून घेतली. चिन्ह, पट्टे, आकडे यांच्या बारकाव्यांवरून ती दोन्ही गोलांच्या वेळी अंगावर असलेलीच जर्सी असल्याचा निर्वाळा मिळाला. 4 मे 2022 रोजी ती 71 लाख 42 हजार 500 पौंडांना गेली.

पूर्वार्ध-उत्तरार्धाचा हा घोळ जुनाच आहे असं नाही. मेस्सीच्या 2022 च्या विश्वचषकातल्या सहा जर्सी डिसेंबर 2023 मध्ये 78 लाख डॉलरला विकल्या गेल्या, त्या पूर्वार्धात घातलेल्या होत्या. तुमच्या पाटीवर ‘सामन्यात घातलेली’च्या जागी ‘पूर्वार्धात घातलेली’ असं लिहिता येत असेल तर जरूर लिहा.

उत्तर :

वरच्या दादांनी शिवलेल्या आकड्यांचं सांगितलं. मी जर्सी छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून आजच्या जर्सीबद्दल दोन गोष्टी जोडतो. हल्ली आपल्याकडच्या बहुतेक टी-ट्वेंटी जर्सी सब्लिमेशनच्या असतात. रंग, नक्षी, नाव, नंबर सगळं कागदावरून उष्णतेने पॉलिस्टरमध्ये उतरतं, आणि मग तुकडे शिवतात. त्यामुळे नंबर आणि नक्षी यांच्यातलं अंतर सगळ्या जर्सींत एकच येतं, तिथे शोधून काही मिळायचं नाही. बघायचं ते शिवणीवर. कापडाची थप्पी लावून कटिंग केलं की तुकडा एक-दोन सूत इकडेतिकडे होतोच. मग पुढच्या भागाची नक्षी बाहीच्या नक्षीला खांद्याशी कुठे भेटते, बगलेत कुठे तुटते, हे दर नगाला वेगळं. स्पर्धेचा बिल्ला नंतर हीट प्रेसने लावतात, तोही हाताने ठेवलेला असतो.

दुसरं, चिकटवलेल्या नंबरांना धुण्याने तडे जातात. तडा एकदा गेला की भरून येत नाही. फोटोत तडा आहे आणि हातातल्या जर्सीला नाही, तर ती जर्सी नव्हे, विषय संपला. उलट फोटोत नाही आणि हातात आहे, तर तो नंतर गेलेला असू शकतो. डागाचं याच्या उलट, डाग धुतला की जातो. त्यामुळे ‘डाग नाही म्हणून ती नाही’ असं म्हणता येत नाही.

उत्तर :

‘छायाचित्र-प्रमाणित’मधलं ‘प्रमाणित’ काढून टाकणं मला पटत नाही. या जर्सींबरोबर पत्र येतं, शिक्का असतो, होलोग्राम असतो. ते प्रमाणपत्रच आहे ना?

उत्तर :

पत्र असतंच, पण त्याला ‘दाखला’ म्हणू या आणि वेगळं ठेवू या. दाखला कोण देतो हे महत्त्वाचं. संघ देतो तो एक. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने 2001 पासून निराळी सोय केली आहे. त्यांची नेमलेली माणसं मैदानावर हजर असतात आणि वस्तू डोळ्यांदेखत ताब्यात घेऊन तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लावतात. तिथल्या बाजारात बनावट सह्यांचा सुळसुळाट झाला होता, एफबीआयला त्यात उतरावं लागलं होतं, त्यानंतरची ही व्यवस्था. या दाखल्यामागे पाहणारा माणूस आहे. फोटोवरून पटलेल्या ओळखीत पाहिलेला कुणी लागत नाही, तुम्ही-आम्ही फोटो आणि जर्सी शेजारी ठेवून पुन्हा तपासू शकतो. ‘प्रमाणित’ म्हटलं की हा फरक पुसला जातो आणि वाचणारा शिक्क्यावर विसंबतो. मी तरी दाखल्यापेक्षा दोन नितळ फोटोंवर जास्त विश्वास ठेवीन.

अमेरिकेचा गाजलेला बेसबॉलपटू बेब रूथ याची जर्सी पाहा. 1932 च्या वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, तिसरा सामना, 1 ऑक्टोबर, शिकागोचं रिग्ली मैदान. रूथने आधी बोट दाखवून मग चेंडू तिकडेच भिरकावला, अशी ती दंतकथा. ती जर्सी 2005 मध्ये 9 लाख 40 हजार डॉलरला गेली होती. पुढे त्या सामन्याच्या फोटोंवरून तिची ओळख पटली आणि ऑगस्ट 2024 मध्ये हेरिटेजच्या लिलावात तिला 2 कोटी 41 लाख 20 हजार डॉलर मिळाले. रूथने खरंच बोट दाखवलं होतं का, यावर वाद अजून चालूच आहे. म्हणजे जर्सीची ओळख पटली, इशाऱ्याची गोष्ट अजून सगळ्यांना पटलेली नाही. फोटो-मॅच जेवढं सांगतो तेवढंच पाटीवर लिहायचं : ही जर्सी, त्या दिवशी, त्या अंगावर.

उत्तर :

विषय जर्सीचा आहे म्हणून सांगते. ‘जर्सी’ इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या विणलेल्या लोकरी कपड्यावरून आली, आणि आपल्या आजोबांच्या ‘गंजीफ्रॉक’मधली ‘गंजी’ शेजारच्या गर्नसी बेटावरून, असं मानतात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवाले अजूनही जर्सीला ‘गर्नसी’च म्हणतात. तेव्हा ‘जर्सी’ला प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत पडू नका, तो शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

प्रश्न विचारणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘ओळख पटलेली’ आणि ‘दाखला’ दोन्ही घेतले. एकच राहिलं. कसोटीच्या पांढऱ्या शर्टांचं काय? शिवाय बॅट, पॅड, टोप्या आहेत. त्या सगळ्यांना ‘घातलेली’ चालणार नाही.

उत्तर :

नाही चालणार ताई. शर्ट, टोपी, ग्लोव्हज, बूट ‘घातलेले’. पॅड ‘बांधलेले’. बॅट आणि चेंडू ‘सामन्यात वापरलेले’, बॅटीला ‘खेळलेली’ही म्हणतात. इंग्रजीतसुद्धा तिथे ‘गेम-युज्ड’ येतं.

पांढऱ्या शर्टांचं अवघड आहे खरं. 1 ऑगस्ट 2019 ला एजबॅस्टनला सुरू झालेल्या ॲशेस कसोटीपर्यंत पुरुषांच्या कसोटीत पाठीवर नाव-नंबर नव्हतेच, त्यामुळे आधीच्या शर्टांत मागची बाजू कोरी. मग छातीवरचं चिन्ह आणि बटणपट्टी यांच्यातलं अंतर, बाहीवरचा लोगो शिवणीपासून किती लांब, कॉलरची टीप, एवढ्यावरच काम भागवावं लागतं. गोलंदाजाची पँट असेल तर चेंडू घासल्याचा लाल पट्टा फोटोत सुरेख दिसतो, पण धुलाईत तो फिका होतो. जिथे फोटोवरून खात्री झालेली नाही तिथे ‘सामन्यात घातलेला, संघाच्या दाखल्यानुसार’ असं लिहा. झालेली असेल तिथे ‘फोटोवरून ओळख पटलेला’ लिहून खाली सामना, ठिकाण, तारीख द्या, आणि जागा असेल तर तो फोटोही शेजारी लावा.